सागरप्रवासाचे सामान आणि आजींची वही

प्रवासाचे सामान बांधण्यास बहुतेक घरी कपाटापासून प्रारंभ होतो. कपाट उघडले जाते, पलंगावर कपड्यांचे ढीग रचले जातात आणि मग त्या ढिगांना पुरेल एवढी बॅग शोधली जाते. सांगलीतील हळद-गुळाची अडत असलेल्या एका कुटुंबात नाताळच्या सुटीपूर्वी हेच झाले. आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे अशा नऊ माणसांचा बेत होता. मुंबईहून निघायचे, लक्षद्वीपमधील अगत्ती बेट पाहायचे आणि पुन्हा मुंबईस परतायचे, अशी चार रात्रींची सागरसफर ठरली होती.

धाकट्या मुलाची मूळ इच्छा सिंगापूरची होती. पण आजींनी वीस वर्षांपूर्वी दिग्व्रत घेताना भारताच्या हद्दीबाहेर न जाण्याची मर्यादा स्वीकारली होती. लक्षद्वीप त्या मर्यादेत बसले. चातुर्मास संपला होता आणि मुलांच्या शाळेलाही सुटी होती. सर्व काही जुळून आले असे वाटत असतानाच, निघण्यास आठ दिवस उरले असता आजी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते."

त्या दिवशी दिवाणखान्यात अकरा बॅगा उघड्या होत्या. धाकट्या सुनेने भ्रमणध्वनीवर यादी करून ठेवली होती. एका रात्री सर्वांनी पांढरे घालायचे, एका रात्री काळे व सोनेरी, डेकवर फुलाफुलांचे, आणि औपचारिक भोजनाच्या रात्री मुलग्यांनी कोट. यादी नीटनेटकी होती. फक्त तिच्यात प्रत्येक दिवस संध्याकाळी सातला सुरू होत होता.

आजींना समुद्राचे भय वाटत असावे, असे मुलांनी गृहीत धरले. थोरल्या सुनेला ते पटले नाही. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ती सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसली. "आई, खरे सांगा. लाटांची भीती वाटते का?"

"लाटांचे काय गं?" आजी म्हणाल्या. "देवदर्शनाशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. जहाजावर मंदिर कुठले? पाणी कसले, कुणी गाळलेले? आणि दिवस मावळल्यावर तुम्ही सगळे जेवायला बसणार, तेव्हा मी तिथे काय करू? मुलांचा विरस होईल. त्यापेक्षा घरी बरी."

थोरल्या सुनेने दुकानातील एक कोरी चोपडी आणली आणि आजींचा दिवस लिहायला घेतला. पहाटे साडेचारपासून रात्री नऊपर्यंत. कोणती गोष्ट केव्हा, तिला कोणती वस्तू लागते आणि ती वस्तू जहाजावर मिळेल की न्यावी लागेल, असे तीन रकाने पाडले. अडतीच्या घरातील सुनेला रकाने पाडण्यात नवल नव्हते. ती दोन पाने लिहून झाली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि नऊ माणसांच्या सामानापैकी निम्म्या गोष्टींचा निर्णय त्यांतच होऊन गेला होता.

पहिला प्रश्न दर्शनाचा. सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाले की सकाळी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येते. जहाज लागते तो बॅलार्ड पिअरचा धक्का तेथून जवळच आहे आणि प्रवाशांना आत घेण्याची वेळ दुपारची असते. मधल्या वेळात सी. पी. टँकजवळच्या हिराबाग धर्मशाळेत स्नान आणि भुलेश्वर परिसरातील दिगंबर मंदिरात दर्शन सहज होऊ शकते. परतीच्या दिवशीही धक्क्यावरून थेट मंदिरात जाता येते. म्हणजे अडचण मधल्या तीनच दिवसांची राहिली. गावात त्या वेळी विराजमान असलेल्या माताजींकडे सासू-सुना दोघी गेल्या. दर्शनाचा योग नसेल त्या दिवशी एका रसाचा त्याग करून णमोकाराचा जाप करावा, असा मार्ग त्यांनी सांगितला. आजींनी गोड, तूप आणि दही असे तीन दिवसांचे तीन त्याग तिथेच ठरवून टाकले. वहीच्या तिसऱ्या रकान्यात जपमाळ, एक लहान आसन आणि धूतवस्त्राची एक जोडी एवढेच लिहिले गेले. उदबत्ती आणि निरांजन आजींनी स्वतः सांगितले होते. ते खोडावे लागले. जहाजावर उघड्या ज्योतीला मज्जाव असतो, आणि लाकूड, कापड व इंधन यांच्यासह दोन-तीन हजार माणसे पाण्यावर असताना तो असलाच पाहिजे.

पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक. जहाजावरील बरेचसे पाणी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून तेथेच तयार करतात. ते गाळले तर उरलेली जिवाणी कोणत्या जलाशयात परत सोडायची, असा आजींचा रास्त प्रश्न होता आणि त्याला घरात कोणाकडेही उत्तर नव्हते. शेवटी गाळून उकळलेले पाणी घ्यावे, ते चोवीस तास चालते, असे ठरले. विजेची किटली किंवा पाणी तापवण्याचा रॉड जहाजावर नेऊ देत नाहीत. सुरक्षा तपासणीत तो काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. त्यामुळे दोन लिटरचा स्टीलचा थर्मास आणि दुहेरी शुभ्र गाळणे एवढे सामान पुरेसे ठरले. आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवले तर मुदपाकखान्यातून उकळते पाणी भरून मिळते. ज्या श्वेतांबर कुटुंबांत उकाळलेले पाणी पिण्याचा नियम आहे, त्यांनाही हाच थर्मास उपयोगी. त्यांच्या यादीत कटासणे, चरवळा व मुहपत्ती यांची भर पडेल, इतकाच फरक.

मग भोजन. येथे पुष्कळ कुटुंबे फसतात. जहाजावर जैन भोजन मिळते, असे ऐकून ती निर्धास्त होतात. त्या शब्दांचा अर्थ तेथील आचाऱ्याच्या लेखी कांदा, लसूण, बटाटा नसलेले अन्न एवढाच असतो. ते सूर्यास्तापूर्वी मिळेल, हे त्यात गृहीत नाही. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. जहाज दक्षिणेकडे सरकते तसा हिवाळ्यातील दिवस थोडा लांबतो आणि अगत्तीजवळ सूर्यास्त साडेसहाच्या आसपास येतो. पण रात्रीच्या भोजनाची पंगत बहुधा त्यानंतरच बसते. थोरल्या मुलाने आरक्षण करणाऱ्या कार्यालयास पत्र लिहून चार दिवसांचे संध्याकाळचे भोजन साडेपाचला मागितले आणि होकाराची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवली. ती प्रत पुढे दोन वेळा दाखवावी लागली.

घरचे दशम्या-लाडू भरपूर न्यावेत, ही आपल्याकडची जुनी सवय. रेल्वेत ती चालते. जहाजावर घरी केलेले पदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला खाकरा, चिवडा, सुकामेवा चालतो का, ते आधी विचारून घ्यावे. फळे चिरण्याची सुरीही राहू द्यावी. सुंठेची पूड मात्र औषध म्हणून डब्यात असावी. ओले आले अनंतकायात मोडते म्हणून आपल्याकडे वर्ज्य, सुंठ मात्र चालते, आणि बोट लागून जीव कासावीस झाला की तिची चिमूट अनेकांना बरी वाटते. मळमळीवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात आणि त्रास सुरू होण्याची वाट न पाहता आधी घ्याव्यात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही सर्वांसमोर वाचली गेली, तेव्हा धाकटी सून थोडी हिरमुसली. "जाऊबाई, मग आपण सरळ श्रवणबेळगोळलाच जाऊ या ना," ती म्हणाली. तिचे अगदीच चूक होते असे नाही. वर्षभर दुकान, शाळा आणि पाहुणे सांभाळणाऱ्या तरुण बाईला चार दिवस नटून मिरवावेसे वाटले, तर त्यात अपराध कोणता? थोरलीने वाद घातला नाही. तिने फक्त विचारले की साडेपाचला सर्वांनीच आजींबरोबर जेवायचे ठरवले आणि नटायचे जेवणानंतर, तर कसे होईल? धाकटीने क्षणभर विचार केला. भरजरी ओढणीवर आमटी सांडण्याचे भय उरणार नव्हते, मुले पोटभर जेवून शांत असणार होती आणि इतर प्रवासी जेवणावळीत असताना डेक छायाचित्रांसाठी मोकळा मिळणार होता. तिने आपल्या यादीतील वेळा स्वतःच बदलल्या.

आता कपड्यांचा हिशोब सोपा झाला. दिवसाचे कपडे आणि सूर्यास्तानंतरचे कपडे असे दोन गट पडले. औपचारिक रात्र एकच असते. तिच्यासाठी प्रत्येकी एकच पोशाख न्यावा. पांढऱ्या रात्रीसाठी नवे काही घेण्याची गरज पडली नाही. पूजेच्या घरात पांढऱ्या वस्त्रांची वाण कधीच नसते. आजींच्या सहा इरकली लुगड्यांपैकी चार निवडली गेली, तीही सुती. रेशमी ठेवून दिली. एका रेशमी साडीमागे हजारो कोशांतील जीव उकळत्या पाण्यात जातात, हे ठाऊक झाल्यापासून आजींनी रेशीम सोडलेच होते. ज्यांना चमक हवीच त्यांच्यासाठी, पतंग कोश फोडून निघून गेल्यावर काढलेले अहिंसा रेशीम बाजारात मिळते.

चामड्याचा प्रश्न मुलांच्या कोटाबरोबर आला. कोट म्हटला की काळे चकचकीत बूट आणि कमरपट्टा आलाच, आणि दुकानदार तो चामड्याचाच दाखवतो. कापडी किंवा कृत्रिम वाद्यांचे पट्टे तितकेच शोभतात, पण ते आठ दिवस आधी शोधावे लागतात. आदल्या रात्री मिळत नाहीत. पैशाचे पाकीट, घड्याळाचा पट्टा, बॅगेची मूठ याही जागा तपासाव्यात. येथे एक बारीकशी सूचना: जहाजावरच्या काही उशांत पिसे भरलेली असतात. खोली सांभाळणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले की तो कापसाच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या उशा आणून देतो.

समुद्रावर तीन निरनिराळ्या हवा एकाच दिवसात भेटतात आणि तिन्हींची तयारी हवी. आत वातानुकूलन इतके थंड की शालीशिवाय बसवत नाही. डेकवर ऊन कडक, आणि वारा असा की मोकळा पदर क्षणात डोक्यावरून जातो. साडी नेसायची तर पदराला आणि निऱ्यांना पिना हव्यात, टोपीला हनुवटीखालून दोरी हवी. तिसरी हवा ओलाव्याची. डेक धुतलेला असतो, फवारा येतो, आणि गुळगुळीत तळाची चप्पल तेथे घातक ठरते. उभ्या आयुष्यात बूट न घातलेल्या आजींसाठी रबरी तळाचे कापडी बूट आणले गेले. धाकटा नातू हसला तेव्हा त्या म्हणाल्या, "हास तू. पडले तर तुलाच उचलावे लागेल." पुढचे पाच दिवस त्या बूट घालून रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारीत होत्या. नवे पादत्राण थेट प्रवासात काढू नये, हे नातवापेक्षा त्यांना अधिक कळत होते.

तलावात उतरण्यासाठी नायलॉन किंवा लायक्राचाच पोशाख मान्य असतो. सुती कपड्यांनिशी पाण्यात उतरू देत नाहीत. पूर्ण बाह्यांचे व घोट्यापर्यंतचे पोहण्याचे पोशाख आता सर्वत्र मिळतात. अगत्तीवर मात्र ते पोशाख किनाऱ्यापुरतेच ठेवावेत आणि वस्तीत जाताना अंगभर सैल कपडे घालावेत. तेथील लोकवस्ती मुस्लिम आहे, राहणी साधी आणि मर्यादशील आहे.

अकरा बॅगांच्या नऊ झाल्या, मग आजींनी आणखी दोन कमी करवल्या. लहान मुलांच्या दोघांत एक पुरते, असे त्यांचे म्हणणे. केबिन पाहिल्यावर त्याचा अर्थ सर्वांना उमगला. दोन माणसे एकाच वेळी वळली तर खांदे लागावेत एवढीच मोकळी जागा तेथे होती. कडक पेटीपेक्षा मऊ कापडी बॅग बरी. रिकामी झाली की पलंगाखाली सरकते. केबिनच्या भिंती धातूच्या असल्याने चुंबकाचे आकडे चिकटतात, आणि ओला पंचा, टोप्या, आजींची जपमाळेची पिशवी अशा वस्तू डोळ्यांसमोर राहतात. इस्त्री नेता येत नाही. कपडे घड्या न घालता गुंडाळून भरावेत आणि उरलेली सुरकुती न्हाणीघरातल्या वाफेवर सोडून द्यावी. अनेक खाचांचा विजेचा बोर्डही काढून घेतला जातो.

हातातल्या पिशवीबद्दल मात्र काटेकोर राहावे. मोठ्या बॅगा धक्क्यावरच चिठ्ठी बांधून द्याव्या लागतात आणि त्या केबिनच्या दाराशी कित्येक तासांनी पोहोचतात. ओळखपत्रे, तिकिटे, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, शाल, मुलांचा एकेक कपडा, थर्मास आणि गाळणे ही सारी हातातच हवीत. या कुटुंबाची शेवटची बॅग दारात आली तेव्हा सूर्यास्त होऊन गेला होता. आजींचा थर्मास तिच्यात असता, तर पहिल्याच संध्याकाळी त्या पाण्याविना राहिल्या असत्या.

जहाज सुटण्याआधी सर्वांना ठरलेल्या जागी जमून प्राणरक्षक जाकीट कसे घालायचे ते पाहावे लागते. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून बुडाले, त्यानंतर हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच व्हावा, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. उंच टाचांच्या बायका जिन्यावर अडखळत होत्या. आजी कापडी बुटांत सर्वांच्या पुढे होत्या.

थोरल्या मुलाने नकाशा पाहून केबिन जहाजाच्या डाव्या अंगाची मागितली होती. जहाज दक्षिणेस जात असता डावीकडची खिडकी पूर्वेस उघडते. पहाटे त्या खिडकीसमोर आसन घालून आजी सामायिकास बसल्या तेव्हा सूर्याचे बिंब पाण्यातून वर येत होते. परतीच्या वाटेवर तीच खिडकी पश्चिमेस झाली, आणि सूर्य मावळला की नाही हे घड्याळाकडे न पाहता कळू लागले. सामायिकासाठी मग पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून बसावे लागले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र खवळला. कुटुंबातील पाच जण आडवे झाले, त्यांत काळा-सोनेरी पोशाख इस्त्री करून आणलेली धाकटी सूनही होती. आजी तिच्या उशाशी सुंठेचा डबा घेऊन बसून राहिल्या. त्या रात्रीची छायाचित्रे निघाली नाहीत. ती पुढच्या रात्री निघाली, आणि त्यांतल्या एकात आजी पांढऱ्या लुगड्यात मधोमध उभ्या आहेत, पायात बूट.

अगत्तीच्या प्रवाळमंडळात मोठे जहाज शिरत नाही. लहान होडीत उतरावे लागते आणि पाय गुडघ्यापर्यंत भिजतात. त्या दिवशीच्या पिशवीत कोरडे कपडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले असावेत. नातवाने किनाऱ्यावर पडलेला पांढरा पोवळ्याचा तुकडा उचलला. तसे करण्यास कायद्याने बंदी आहेच. आजींनी त्याला निराळे कारण सांगितले. जीवविचार प्रकरणात पोवळ्याची गणना पृथ्वीकायात केली आहे. आजचे विज्ञान तर त्याला बारीक प्राण्यांनी बांधलेले घर म्हणते. नातवाने तुकडा जिथल्या तिथे ठेवला आणि पाण्यातही पोवळ्यांवर पाय पडू नये म्हणून वाळूवरूनच चालत राहिला.

घरी परतल्यावर थोरल्या सुनेने वही पुन्हा उघडली आणि न वापरलेल्या वस्तूंपुढे फुल्या मारल्या. तीन ओढण्या, दोन जोड बूट, एक कोट आणि बाळांच्या दुधाचा बंब जसाच्या तसा परत आला होता. महावीर जयंतीच्या सुटीत शेजारचे किराणा व्यापाऱ्यांचे कुटुंब त्याच सफरीस निघाले तेव्हा वही त्यांच्याकडे गेली. देण्यापूर्वी आजींनी ती मागून घेतली आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी आपल्या हाताने लिहिले: "गाळणी दोन न्यावीत. डेकच्या कठड्यावर वाळत घालू नये. पहिले वाऱ्याने समुद्रात गेले."